तेरा साती एक्क्याण्णव

आण्णा,

काल तुमचं तेरावं झालं. पंगती उठल्यावर जो तो माझ्यापाशी येऊन एकच बोलून गेला. सोनपेठची मावशी म्हणाली, "लेक असावी तर अशी." माधवच्या सासऱ्यांनी चारचौघांत सांगितलं की पोरानं केलं नसतं ते पोरीनं केलं. माधव खाली मान घालून ऐकत होता. आई भिंतीला टेकून बसली होती, तिनं एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही. मी सगळ्यांना हात जोडत होते.

तुम्ही ऐकत असतात तर त्या सगळ्यांना एका शब्दात गप्प केलं असतंत. शेवटच्या दोन वर्षांत तुमच्यापाशी शब्द होते तरी किती. पण नेमका तो एक शब्द कधी हरवला नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही नेहमीसारखे ओट्यावर पेपर घेऊन बसला होतात. पेपर उलटा होता. आईनं मला खुणेनं दाखवलं. तुम्ही थट्टा करणाऱ्यातले नव्हतात, म्हणून मी जवळ आले. तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळला होता आणि त्यातून चहा गळत होता. मी "आण्णा" म्हणाले. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत आणि शाळेतल्या खणखणीत आवाजात म्हणालात, "हरामखोर."

झरीच्या शाळेत शिवी देणाऱ्या पोराच्या तळहातावर तुम्ही छडी ओढायचात. घरात माधवच्या तोंडून 'साला' निघालं तर त्याचं त्या वेळचं जेवण बंद. तुमच्या तोंडून उभ्या जन्मात कुणी शिवी ऐकली नव्हती. आणि लकवा झाला, उजवा हात गेला, उजवा पाय गेला, सगळी भाषा गेली, तेव्हा मागं उरली ती शिवी. चहा पाहिजे, हरामखोर. कूस बदलायची, हरामखोर. सरपंच भेटायला आले, त्यांनी नमस्कार केला, तुम्ही डावा हात कपाळाला लावून आदरानं म्हणालात, हरामखोर. आई पदर तोंडाला लावून आत गेली. मी मात्र तिथंच उभी राहिले. खरं सांगते, मला हसू आलं होतं. वाईट हसू. ज्या माणसाच्या तोंडाला घरदार भीत होतं त्याचं तोंड असं झालेलं मी डोळे भरून पाहिलं.

माधव पूर्ण्याहून रजा काढून आला. रेल्वेतल्या कुणीतरी सांगितलं म्हणून कबुतर घेऊन आला. त्याचं गरम रक्त तुमच्या उजव्या अंगाला चोळलं. दोन दिवस घराला वास येत होता. तुम्हाला उठवून बसवायचं म्हणून तो लुळा हात धरून ओढायचा, खांद्याची वाटी सुटेपर्यंत ओढायचा. तिसऱ्या दिवशी तुम्ही हात लावू देईनात तेव्हा मी परभणीची बस धरली आणि सरकारी दवाखान्यात विचारत विचारत मागच्या बाजूच्या खोलीत गेले. तिथं व्यायामाचे डॉक्टर बसतात असं कळलं होतं.

ते साळवे. वयानं माझ्याएवढे, बारीक अंगाचे. दोन दिवसांनी तुम्हाला जीपमधून नेलं तेव्हा आईनं दारावरची आडनावाची पाटी वाचायला लावली आणि माझ्या कानात म्हणाली, "ह्यांना चालंल का गं?" ह्यांना म्हणजे तुम्हाला. विद्यापीठाच्या नावावरून सगळा मराठवाडा पेटला होता त्या वर्षी तुम्ही नाव बदलू नका म्हणणाऱ्या मोर्चात पुढच्या रांगेत होतात, हे तिला आठवत होतं.

साळवेंनी तुम्हाला खाटेच्या काठावर बसवलं, पाय जमिनीला टेकवले, कमरेभोवती हात घातला. तुम्ही डाव्या हातानं त्यांची छाती ढकललीत आणि तुमचा शब्द म्हणालात. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. साळवे हलले नाहीत.

"ढकला गुरुजी," ते म्हणाले. "आजून जोरात ढकला. ढकलायला कंबर लागती. मला तीच पायजे."

तुम्ही ढकलत राहिलात आणि ते मागं-पुढं होत तुमचा तोल सांभाळत राहिले. पाच मिनिटांनी तुम्ही कुणाच्याही आधाराशिवाय बसला होतात. ते तुमच्या लक्षातही आलं नाही.

त्या खोलीत मी सगळं शिकले. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाही तर पाठीला जखम पडते. लुळ्या हाताला धरून कधी ओढायचं नाही, खांद्याखाली हात घालून उचलायचं. गुडघे उभे करून कंबर वर उचलायला लावायची. पाऊल खाली लोंबू द्यायचं नाही, टाच धरून वर दाबायचं, रोज, नाही तर नस आखडून पाऊल घोड्याच्या खुरासारखं होतं. बसून उठायचं, उठून बसायचं. लुळ्या हाताच्या तळव्यावर भार टाकायचा. आठवड्यातून दोनदा परभणी, बाकीचे दिवस घरी. साळवे म्हणाले, "ताई, औषध ह्यात काई न्हाई. मेंदूला परत परत तेच सांगायचं. तुमच्या वडलांनी पोरांना पाढे शिकवले तसं."

पाढ्यांचं ते सहज बोलले, पण तेच खरं निघालं. एकदा तुमची बोटं उलगडताना मी मोजत होते, तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस. आणि तुम्ही पुढं सुरू झालात. तेरा त्रिक एकोणचाळीस, तेरा चोक बावन्न. एक अक्षर न अडखळता, शेवटपर्यंत. आई चुलीवरचं सोडून धावत आली. मग मी एकोणतीसचा दिला, तोही आला. म्हणजे तुम्हाला एकोणतीस त्रिक किती ते सांगता येत होतं आणि पाणी म्हणता येत नव्हतं. साळवेंना सांगितलं तर ते म्हणाले की पाठ केलेलं डोक्यात येगळ्या जागी असतं, शिवीबी तिथंच असती.

त्या दिवसापासून आपण पाढ्यावर चालायला शिकलो. एका पावलाला एक ओळ. खिडकीचे गज धरून तुम्ही पहिल्यांदा नीट उभे राहिलात ती सकाळ मला अजून दिसते. तुमचे पाय थरथरत होते, घाम आला होता. बाहेर रस्त्यावर गाडी थांबली. तुम्ही बराच वेळ तिकडं पाहिलंत आणि म्हणालात, "यष्टी." दोन महिन्यांतला पहिला खरा शब्द. मी तुमच्या पाठीला हात लावून उभी होते. तुमच्या सदऱ्यातून ऊब लागत होती. लहानपणीही मी तुमच्या एवढ्या जवळ कधी उभी राहिले नव्हते. त्या सकाळी मला तुमचा राग आला नाही. तेवढी एक सकाळ तशी गेली.

बाकीच्या सगळ्या सकाळी मी रागावरच उभी होते, आण्णा. लोकांना ती सेवा वाटली.

तो राग कुठला ते तुम्हाला ठाऊक आहे की नाही हेच मला ठाऊक नव्हतं. मी सतरा वर्षांची होते, परभणीच्या कॉलेजात, बारावी सायन्सला. मला बेडूक कापता यायचा, हात न थरथरता. बाई म्हणायच्या, कुसुम, तू डॉक्टरीला जा. मग विद्यापीठाच्या नावावरून ती दंगल झाली, बस बंद, कॉलेज बंद, तुम्ही मला घरी आणलंत. म्हणालात, चार दिवसांचं आहे. कॉलेज उघडलं, झरीची पोरं परत गेली, मी ट्रंक भरून ओट्यावर बसले. तुम्ही शाळेतून आलात, ट्रंककडं पाहिलंत आणि हातपाय धुवायला गेलात. काहीच बोलला नाहीत. नाही म्हणाला असतात तर मी भांडले असते. दुसऱ्या दिवशी परत भरून बसले. तिसऱ्या दिवशी आईनं ट्रंक आत नेली. माघात माझं लग्न झालं सोनपेठला. सहा वर्षांत मूल झालं नाही म्हणून त्यांनी आणून सोडलं. तेव्हाही तुम्ही काही बोलला नाहीत. माझ्यासाठी एक खाट विणून घेतलीत, बस.

म्हणून मला तुम्ही बोलायला हवे होतात. बाकी कुणाला तुम्ही चालावेत असं वाटत होतं. मला तुमचं तोंड उघडायला हवं होतं. मला तुम्हाला एकच प्रश्न विचारायचा होता, आणि ज्याला बोलता येत नाही त्याला विचारून उपयोग नव्हता.

चहासाठी मी तुम्हाला ताटकळत ठेवलं. कप समोर धरायचा आणि म्हणायचं, बोला, चहा. तुम्ही शिवी द्यायचात, मी कप मागं घ्यायचे. चहा गार व्हायचा, तुमच्या डोळ्यांत पाणी यायचं. आई म्हणायची, "अगं दे की त्यांना, पाप लागंल." मी म्हणायचे, डॉक्टरांनी सांगितलंय. डॉक्टरांनी असं सांगितलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, शब्दाची वाट बघा, पण हसत बघा.

तीन महिन्यांनी तुम्ही चहा म्हणालात. मग माधव म्हणालात, म्हैस म्हणालात. आईला अगं. माझं नाव मात्र येईना. मी समोर बसून ओठ दाखवायचे, कु-सु-म. तुम्ही लक्ष देऊन बघायचात, कपाळाला आठ्या पडायच्या, आणि म्हणायचात, "छडी." रोज. मी अंगणातून आत आले की आईला सांगायचात, "छडी आली." साळवे म्हणाले, ह्या आजारात एका शब्दाच्या जागी दुसरा येतो, मनावर घेऊ नका. मी मनावर घेतलं. मला ते नाव शोभतं हे मला कळत होतं.

आता ते सांगते जे आईलाही पुरतं माहीत नाही.

साळवेंनी सांगितलं होतं की चांगल्या हाताला सगळं काम करू देऊ नका, नाही तर उजवा आळशी होईल. अधूनमधून डावा धरून ठेवा. मी धरला नाही, बांधला. तुमच्याच पंच्यानं, खाटेच्या माच्याला. आधी अर्धा तास, मग तास, मग सकाळभर. उजव्या हाताच्या बोटांत खरंच हालचाल यायला लागली होती, म्हणून मला कुणी अडवलं नाही. आई माधवच्या बायकोच्या बाळंतपणाला पूर्ण्याला गेली होती. त्या दिवशी मी तुमचा हात बांधला आणि धुणं घेऊन गेले. विहिरीवर बायका भेटल्या, बोलत बसले. मला आठवण नव्हती असं नाही. मला आठवण होती. बसू द्या थोडं, असं वाटलं. मी कशी बसले होते ओट्यावर तीन दिवस.

परत आले तेव्हा तुमच्या तोंडावर माशा बसल्या होत्या. ओठांच्या कडेला, डोळ्यांच्या कोपऱ्यात. खाली अंथरूण ओलं झालं होतं. तुम्ही मान हलवून हलवून दमला होतात आणि आता हलवतही नव्हतात. उजवा हात पोटापर्यंत आला होता. त्याच्या पुढं येत नव्हता. मी पंचा सोडला. तुम्ही डावा हात वर केलात. मला वाटलं, आता मारणार. मारलं असतंत तर बरं झालं असतं. तुम्ही तोंडावरच्या माशा हाकलल्यात आणि भिंतीकडं तोंड केलंत.

मी तुम्हाला धुतलं, कपडे बदलले, भात भरवला. दुसऱ्या दिवशी मी परत हात बांधला. फक्त त्यानंतर घरातून हलले नाही.

साळवेंना मनगटावरचा वळ दिसला. त्यांनी मला बाहेर बोलावलं.

"ताई, हे किती वेळ बांधायलाव?"

"सकाळभर."

"आन् गुरुजी बांधू देतेत?"

"त्यांना कुठं बोलता येतंय."

ते म्हणाले, "हात सुधरायलाय हे खरं हाय. पर उद्यापासून बांधायचं न्हाई. तुमाला दुसऱ्या कुनाचा राग असंल तर तो हितं आनू नका."

मला ते लागलं. मी म्हणाले, तुम्हाला काय माहीत, माझं एक वर्ष गेलं त्या दंगलीत. आयुष्य गेलं. ते म्हणाले, "माझंबी गेलं. आमचं घर जळालं त्या साली. पुस्तकं जळाली. पुढच्या साली परत बसलो." असं म्हणून ते आत गेले, तुमचं पाऊल हातात घेतलं आणि टाच दाबायला लागले. मी बाहेर उभी होते. मला कुणी परत बसू दिलं नाही, एवढाच त्यांच्यात आणि माझ्यात फरक होता. तो फरक खाटेवर बसून पाढे म्हणत होता.

दीड वर्षानं तुम्ही लहान लहान वाक्यं बोलायला लागलात. भूक लागली. म्हैस आटली. माधव कधी येणार. माझा हात धरून तीन पावलं चालायचात, तेरा त्रिक एकोणचाळीसपर्यंत, आणि थकून बसायचात. लोक बघायला यायचे. मांडाखळीहून एकजण आपल्या बापाला घेऊन आला की ह्याला पण असंच करा. तुम्ही त्या माणसाला बघून म्हणालात, "ही छडी... लय मारती." सगळे हसले. तुम्हीही हसलात. मीही.

यंदाच्या उन्हाळ्यात एका दुपारी तुम्ही बरे होतात. जेवण झालं होतं, आई आत लवंडली होती. मी तुमच्या पायाला तेल लावत होते. मला वाटलं, आता विचारावं. मी हात थांबवले.

"आण्णा, एक विचारू?"

"हं."

"कॉलेज उघडल्यावर मला परत का पाठवलं नाही?"

तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. डोळे स्वच्छ होते. मी त्या डोळ्यांत बघत होते. तुम्ही काय म्हणाल त्याची दहा वर्षांत मी कितीतरी उत्तरं मनात करून ठेवली होती. भीती वाटली. लोक काय म्हणतील. पोरीला शिकवून काय करायचं. त्यातलं कुठलंही चाललं असतं.

तुम्ही म्हणालात, "कोन्तं कालेज?"

मी परत विचारलं. परभणीचं, आण्णा. मी बारावीला होते. ट्रंक घेऊन ओट्यावर बसले होते.

"कोन्तं कालेज?" तुम्ही परत म्हणालात, आणि पाय पुढं केलात. तेल लाव म्हणून.

मी लावलं. वाटीतलं संपेपर्यंत लावलं. मग हात धुतले. आणि दुसऱ्या दिवसापासून तुमच्या पायाला हात लावला नाही.

जेवू घातलं, आंघोळ घातली, अंथरूण स्वच्छ ठेवलं. कुणी बोट दाखवावं असं काही केलं नाही. फक्त व्यायाम बंद. टाच दाबणं बंद, उभं करणं बंद, शब्द बंद, परभणी बंद. साळवेंना निरोप पाठवला की म्हैस व्यायली आहे, जमणार नाही. तुम्ही सकाळी ठरल्या वेळेला खाटेच्या काठावर येऊन बसायचात, पाय खाली टेकवून, मी शिकवलं होतं तसं, आणि वाट बघायचात. मी समोरून पाण्याची घागर घेऊन जायचे. तुम्ही म्हणायचात, "छडी." मी थांबत नसे. एक दिवस तुम्ही हात पुढं केलात, उजवा, तो वाकडा हात, ज्याला मी दोन वर्षं उघडायला शिकवलं होतं. मी घागर ठेवली आणि गोठ्यात निघून गेले. आई म्हणाली, "काय झालंय गं तुला? असं नगं करू." मी म्हणाले, मला काही झालं नाही, मी थकले.

जवळजवळ महिनाभर तुम्ही रोज असे बसलात. माझ्यासारखे तीन दिवसांत उठून गेला नाहीत.

त्या दिवशी मी मागं गोठ्यात पेंड कालवत होते. आई चुलीपाशी. तिला पाढा ऐकू आला. तेरा एके तेरा. तिला वाटलं, बरं झालं, पोरीचा राग गेला, धरून चालवायलीय. तेरा दुणे सव्वीस. भाकरी उलटली तिनं. तेरा त्रिक, तेरा चोक. तेरा पाचे पासष्ट. तुम्ही माझा हात धरूनही कधी तीनच्या पुढं गेला नव्हतात. तेरा सक अठ्ठ्याहत्तर. तेरा साती एक्क्याण्णव. मग तेरा आठे, आणि आवाज. तो मला गोठ्यात ऐकू आला.

तुम्ही खाटेपासून सात पावलं चालून दाराच्या उंबऱ्यापाशी आला होतात. कुणी नव्हतं. धरायलाही नाही आणि बघायलाही नाही. एवढंच ऐकलं आईनं, तेही पाठमोरी. नंतर ती मला म्हणाली, "मला वाटलं, तू हायस संगं." त्यानंतर तिनं माझ्याकडं नीट पाहिलेलं नाही.

खुब्याचं हाड मोडलं. परभणीला पायाला वजन बांधून तुम्हाला पाडून ठेवलं. तिथं छातीत कफ भरला. साळवे रोज खालच्या खोलीतून वर यायचे, तुमच्या पाठीवर थापट्या मारून कफ सुटतो का बघायचे. पहिल्या दिवशी त्यांनी चादर वर करून तुमचं उजवं पाऊल हातात घेतलं, वर दाबून पाहिलं. ते वर आलं नाही. त्यांनी चादर परत नीट केली. मी पलीकडं उभी होते. विसाव्या दिवशी तुम्ही गेलात. शेवटचे दोन दिवस तुम्ही फक्त पाढे म्हणत होतात, तेही ओठांत, कुठला ते ऐकू येत नव्हतं.

साळवे काल तेराव्याला आले होते, आण्णा. माधवच्या सासऱ्यांनी त्यांचं पान ओट्याच्या खाली वेगळं मांडायला लावलं. मी वाढत होते. मी ते पाहिलं. ज्या माणसानं माझ्या बापाला बसायला शिकवलं त्याच्यासाठी माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही. ट्रंककडं पाहून तुम्ही आत गेला होतात, तशीच मी भाताचं पातेलं घेऊन आत गेले. तुमचीच लेक. बाहेर आले तेव्हा साळवे उठले होते. म्हणाले, "उपास हाय माझा." पाणीसुद्धा घेतलं नाही.

मी त्यांच्या मागं बसच्या फाट्यापर्यंत गेले. माफी मागायला गेले होते, पण त्यांनीच आधी विचारलं.

"महिनाभर पायाला हात लागला नव्हता ना?"

मी हो म्हणाले.

"का?"

मी सगळं सांगितलं. प्रश्न सांगितला, तुमचं उत्तर सांगितलं. मी म्हणाले, आण्णा विसरले होते, माझं सगळं गेलं आणि त्यांच्या लक्षातसुद्धा नव्हतं. मला ते सहन झालं नाही. मग वाटलं, आजारानं विसरले असतील. अजून वाटतं. डॉक्टर, तुम्हीच सांगा, ह्या आजारात माणूस असं विसरतो का?

साळवेंनी रस्त्याकडं पाहिलं. बस दिसत नव्हती.

"गुरुजी विसरले नव्हते, ताई," ते म्हणाले.

ते म्हणाले की थंडीच्या दिवसांत एकदा मी तुमच्यासाठी चहा आणायला दवाखान्याबाहेर गेले होते. तुम्ही त्यांना विचारलंत, तुझं घर, त्या साली, जळालं का. ते हो म्हणाले. तुम्ही डाव्या हातानं त्यांचा दंड धरलात आणि लय कष्टानं, एकेक शब्द शोधत म्हणालात, पोरीचं कालेज मी बंद केलं. भ्यालो. असं दोन-तीनदा म्हणालात. मी चहा घेऊन आले तसे गप्प झालात.

"मला वाटलं तुमाला सांगितलं आसंल," साळवे म्हणाले. "घरचं बोलनं म्हनून मी काडलं न्हाई."

मग बस आली आणि ते गेले.

मी फाट्यावरच बसले. थंडीचे दिवस म्हणजे उन्हाळ्याच्या आधी. म्हणजे त्या दुपारी मी विचारलं तेव्हा तुम्हाला सगळं आठवत होतं. कोन्तं कालेज म्हणताना तुम्हाला कॉलेज दिसत होतं, ट्रंक दिसत होती, ओटा दिसत होता. तुम्ही आजाराच्या आड लपलात, आण्णा. त्या माणसाला सांगायला तुम्हाला शब्द सापडले, आणि मला, जिनं ते शब्द तुमच्या तोंडात एकेक करून परत घातले, तिला सांगताना तुम्ही पाय पुढं केलात.

तुम्ही भ्यालात, मग मला भ्यालात, एवढंच मला आता कळतं. तुमच्या छडीला. दोष कुणाचा हे ठरवायला मी बसलेली नाही. मी जे केलं ते केलं. त्याची माफी मागायची तर तुम्ही नाही, आणि तुमच्याकडून जी हवी होती ती आता मिळायची नाही.

पण तुम्ही त्या दुपारी नुसतं 'हो' म्हणाला असतात, कारण नको, माफी नको, फक्त हो, आठवतंय, एवढं म्हणाला असतात, तर दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुम्हाला उभं केलं असतं.

तुमची,
कुसुम